ए१ प्रमाणपत्रानंतरचे जर्मन

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरहून काळा घोडा येथील मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटच्या मुंबई केंद्रात, जर्मन शिकून परदेशी जाणाऱ्या अनेकांजवळ ए१ हे, युरोपीय भाषाचौकटीच्या सहा पातळ्यांपैकी पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र असते; जर्मनीतील जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्यांसाठी २००७ पासून, काही अपवाद वगळता, त्या पातळीचे ज्ञान आवश्यकच आहे. मात्र खरा सराव तेथील बेकरीत सुरू होतो, कारण तेथे तीच वाक्ये रोज परत येतात: ‘इश हेट्टे गेर्न’ या सौम्य विनंतीने पाव मागायचा, किंमत ऐकून पैसे द्यायचे आणि निरोप घ्यायचा. किंमत ऐकताना मराठी भाषकाला मोठीच सोय आहे, कारण एकवीस ते नव्याण्णव या टप्प्यात जर्मन भाषाही, पंचवीस किंवा बत्तीसप्रमाणे, आधी एकक आणि मग दशक उच्चारते. नामांची तीन लिंगे आणि परक्या प्रौढांसाठीचे आदरार्थी ‘झी’ हीदेखील त्याला नवी नाहीत. विक्रेता इंग्रजीकडे वळलाच, तर ‘डॉइच, बिट्टे’, म्हणजे ‘कृपया जर्मनमध्ये’, असे हसून म्हणावे आणि अडखळत का होईना, वाक्य पूर्ण करावे.