अर्ध्या तासाच्या डुलकीचा हिशेब

रात्री नीट झोप झाली की दुसऱ्या दिवशी हात भराभर चालतो, ही आपली पक्की समजूत. चेन्नईतल्या एका प्रयोगात तिला चांगलाच धक्का बसला. फ्रँक शिलबाख, गौतम राव आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी कमी उत्पन्न गटातल्या 452 जणांना महिनाभर डेटा एंट्रीचं काम दिलं. मनगटाला हालचाल टिपणारं घड्याळ बांधलं. ही माणसं रात्री आठेक तास अंथरुणात असत, पण झोप लागे जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, रस्त्यावरचे हॉर्न, एका खोलीत दाटीवाटीनं झोपलेलं घर. दचकून जाग येणं चालूच.

मग कुणाला गादी-उशी, पंखा, डोळ्यांवरची पट्टी, कानात घालायचे बोळे दिले, तर कुणाला वर जास्त झोपल्याबद्दल पैसेही. झोप रोज सरासरी 27 मिनिटांनी वाढली. टायपिंग मात्र होतं तिथंच राहिलं! तुटक झोप थोडी लांबली तरी ती तुटकच राहते, म्हणून असं झालं असावं, हा संशोधकांचा अंदाज मला पटतो.

काहींना दुपारी कार्यालयातच, शांत कोपऱ्यात, अर्धा तास आडवं व्हायला दिलं. त्यांच्या कामाचा वेग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, लक्ष टिकलं, मनही प्रसन्न राहिलं. वामकुक्षीला आळस म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

व्यायामाचा फायदाही असा सरसकट नसतो. नियमित व्यायामानं झोप सुधारते, हे खरं. पण थेट कामावरचा परिणाम कामागणिक बदलतो. स्टॅनफर्डच्या 2014 सालच्या प्रयोगात चालताना लोकांना नवनव्या कल्पना जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. एकच अचूक उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालणारे किंचित मागेच पडले. जाहिरातीची ओळ सुचत नसेल तर गच्चीवर फेऱ्या माराव्यात. ताळेबंद जुळत नसेल तर खुर्ची बरी.

चेन्नईत आणखी एक गोष्ट दिसली. डुलकीच्या वेळेत काम बुडतं, त्यामुळे तो अर्धा तासही टाइप करत राहिलेल्यांपेक्षा झोपणाऱ्यांची कमाई कमी भरली. नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा मात्र ती जास्त होती. म्हणजे कामावर पैसे मिळणाऱ्याला ‘झोप काढ’ असं फुकट सांगण्यात अर्थ नाही. पण दुपारची सुट्टी मुळातच आहे, तिथे मालकाला द्यावी लागेल ती चार चटया पसरण्यापुरती जागा आणि एक पंखा.