खेळ एकाचा, इंजिन दुसऱ्याचं

‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजे बीजीएमआय हा गेम दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीचा आहे, हे तो खेळणाऱ्या बहुतेक मुलांना ठाऊक असतं. पण तो ज्या अनरियल इंजिनवर चालतो ते क्राफ्टनचं नाही. ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एपिक गेम्सचं आहे. आणि एपिकचा स्वतःचा ‘फोर्टनाइट’ त्याच जातीचा गेम आहे: शंभर जणांनी बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत टिकायचं. बाजारात ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच इंजिनवर आपला गेम उभा, असा हा मामला आहे.

इंजिन म्हणजे जवळपास प्रत्येक गेमला लागणारा तयार कोड. उजेड-सावली कशी पडावी, गोळी भिंतीवर आदळली की काय व्हावं, आवाज कुठून यावा, स्क्रीनवर बोट फिरलं की पात्रानं कसं वळावं, हे सगळं त्यात आधीच लिहिलेलं असतं. ते स्वतः लिहायचं तर वर्षं जातात, म्हणून कंपन्या परवाना घेतात. अनरियलचा सर्वसाधारण नियम असा, की एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी द्यायची. मोठ्या कंपन्या वेगळा करार करतात. युनिटी या दुसऱ्या प्रसिद्ध इंजिनचा भर, ते वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे घेतल्या जाणाऱ्या वर्गणीवर आहे.

एकट्यानं खेळायचा, सीडीवर मिळणारा गेम एकदा विकला की इंजिनवाल्याशी फारसं काम उरत नसे. ऑनलाइन गेम मात्र कधी पूर्ण होतच नाही. फोन बदलतात, अँड्रॉइड बदलतं, नियम बदलतात. गूगलनं १ ऑगस्ट २०१९पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना ६४-बिट कोड सक्तीचा केला. जुन्या युनिटीत तशी सोयच नव्हती, म्हणून ५.६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरच्या गेमना गूगलला आणखी दोन वर्षांची मुभा द्यावी लागली. ऑक्टोबर २०२५मध्ये युनिटीनं सुरक्षेतली एक त्रुटी जाहीर केली. ती २०१७.१पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये होती. गेमवाल्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये काहीच चूक नव्हती, तरी युनिटीनं दिलेली दुरुस्ती घेऊन त्यांना आपले गेम पुन्हा प्रसिद्ध करावे लागले.

पण खरं अवलंबित्व दिसतं ते नेटवर्कच्या कोडमध्ये. तुम्ही धावायला लागता तेव्हा फोन सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत नाही. पात्र लगेच पुढे सरकवतो. तिकडे सर्व्हर तीच हालचाल स्वतः करून पाहतो आणि जुळलं नाही तर पात्राला योग्य जागी आणून ठेवतो. नेट मंद असताना आपण पुढे गेलेलो अचानक मागे खेचले जातो, ते यामुळेच. अनरियलमध्ये पात्राच्या चालण्या-धावण्याची ही यंत्रणा इंजिनबरोबरच मिळते.

आता शंभर खेळाडू घ्या. फोर्टनाइटच्या एका सामन्यात सर्व्हरला सुमारे ५०,००० वस्तूंची खबर ठेवावी लागते: झाडं, दारं, पेट्या, गाड्या. जुन्या पद्धतीत प्रत्येक वस्तूबाबत प्रत्येक खेळाडूमागे विचारलं जाई, ‘ही माहिती याला आत्ता पाठवायची का?’ म्हणजे एका फेरीला ५० लाख प्रश्न, आणि अशा फेऱ्या सेकंदाला कित्येक. कुठलाही सर्व्हर यात बसकण मारेल. एपिकनं उपाय काढला तो नकाशाचे चौकोन पाडण्याचा. पोस्टमनला गल्ल्या वाटून द्याव्यात तशी प्रत्येक चौकोनातल्या वस्तूंची यादी एकदाच तयार होते आणि जवळच्या सगळ्या खेळाडूंसाठी तीच वापरली जाते. ज्या झाडाला कुणी हात लावला नाही ते यादीत निजून राहतं. ‘रेप्लिकेशन ग्राफ’ नावाची ही सोय जुलै २०१८मध्ये अनरियल ४.२०बरोबर सगळ्या परवानाधारकांच्या हाती आली. स्वतःच्या गेमसाठी केलेलं काम एपिकनं प्रतिस्पर्ध्यांनाही दिलं, ही मला या व्यवस्थेतली सर्वात चांगली गोष्ट वाटते.

तरी काळजीला कारण होतंच. ज्या ‘पबजी’तून बीजीएमआय निघाला तो मार्च २०१७मध्ये आला, तोही अनरियलवर. सप्टेंबरमध्ये एपिकनं फोर्टनाइटचा शंभर जणांचा प्रकार आणला, तेव्हा पबजीच्या ब्लूहोल (आताची क्राफ्टन) या कंपनीनं जाहीर नाराजी व्यक्त केली. गेमचा प्रकार सारखा असणं ही एक तक्रार होती. पण ज्याला आपण रॉयल्टी देतो आणि तांत्रिक अडचणी ज्याच्यापुढे मांडतो, तोच शेजारी दुकान उघडून बसला, ही खरी सल होती. जानेवारी २०१८मध्ये प्रकरण कोरियातल्या न्यायालयात गेलं आणि जूनमध्ये दावा मागे घेतला गेला. इंजिन मात्र तेच राहिलं. लाखो लोक रोज खेळत असलेल्या गेमखालून इंजिन काढून दुसरं घालणं म्हणजे गेम जवळजवळ नव्यानं लिहिणं.

इंजिनवाल्याचं भांडण तिसऱ्याशी असलं तरी झळ इकडे लागते. ऑगस्ट २०२०मध्ये फोर्टनाइटमधल्या पैशांच्या वाटणीवरून अ‍ॅपल आणि एपिक यांची जुंपली. अ‍ॅपलनं एपिकची डेव्हलपर खाती बंद करण्याचा इशारा दिला. तसं झालं असतं तर आयफोनसाठी अनरियल सुधारत ठेवणं एपिकला अशक्य झालं असतं, आणि भांडणाशी संबंध नसलेले किती तरी गेम अडकले असते. न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी फोर्टनाइटला दिलासा नाकारला, पण इंजिनला हात लावायला अ‍ॅपलला मनाई केली. हा भेद त्यांनी वेळीच केला, हे फार महत्त्वाचं होतं.

आणि दराचं काय? १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीनं जाहीर केलं, की ठरावीक कमाई आणि इन्स्टॉलची संख्या ओलांडलेल्या गेमकडून पुढच्या जानेवारीपासून प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे २० सेंटपर्यंत आकार घेऊ. आधीच बाजारात असलेले गेमही त्यात धरले होते. फुकट गेम उतरवून घेणारे बहुतेक जण एक पैसाही खर्च करत नाहीत; तरी त्यांच्या प्रत्येक इन्स्टॉलचं बिल गेमवाल्यानं भरायचं. हे सरळसरळ अन्यायाचं होतं. गेमवाले खवळले, दहा दिवसांत युनिटीनं माघार घेत हा आकार फक्त पुढच्या आवृत्तीपुरता ठेवला, ऑक्टोबरमध्ये प्रमुख जॉन रिकिटिएलो पायउतार झाले आणि १२ सप्टेंबर २०२४ला आकार पूर्ण रद्द झाला. त्याच वेळी युनिटीच्या ‘प्रो’ परवान्याची वर्गणी ८ टक्क्यांनी वाढवत असल्याचं जाहीर झालं.

पुण्यात, बंगळुरूत आज नवे स्टुडिओ निघत आहेत, कॉलेजमधली मुलं गेम करायला घेत आहेत. त्यांनी इंजिन निवडताना चित्रं किती झकास दिसतात एवढंच पाहू नये. मी ज्या आवृत्तीवर गेम केला तिच्या अटी माझ्यासाठी कायम राहतील का, हे परवान्यात शोधावं. सोर्स कोड मिळतो का, तेही पाहावं. अनरियलचा मिळतो, युनिटीचा सर्वसाधारण परवान्यात मिळत नाही. गोडो हे मुक्त इंजिन आहे आणि त्याची प्रसिद्ध झालेली आवृत्ती कुणी तुमच्याकडून परत घेऊ शकत नाही. पण शंभर जणांच्या सामन्याचं नेटवर्क तिथे बरंचसं आपलं आपणच उभं करावं लागतं. खेळाडूंची खाती, त्यांनी विकत घेतलेल्या वस्तू आणि हिशेब यांचा सर्व्हर इंजिनपासून वेगळा ठेवावा. हे सगळं पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा. गेम चालायला लागल्यावर ते बदलणं फार महागात पडतं.