संगणकालाही वारा हवा

मी अलिबागला संगणक दुरुस्त करतो. ‘चालता चालता आपोआप बंद पडतो हो,’ ही एप्रिल-मेमधली नेहमीची तक्रार. पुष्कळदा दोष असतो वाऱ्याच्या वाटेत.

आपलं कौलारू घर आठवा. खिडकीतून गार वारा येतो, तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते. कॅबिनेटचंही तसंच. पुढचा पंखा हवा आत घेतो, मागचा वरचा बाहेर टाकतो. पंखा उलटा बसला किंवा मधे वायरींचं जाळं लोंबलं, की गरम हवा आतच घुटमळते. बहुतेक प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की आधी वेग कमी करतात. तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं.

मग काहीजण झाकण काढून समोर टेबलफॅन लावतात. किनाऱ्यावर हे महागात पडतं. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धुळीबरोबर मदरबोर्डवर बसतं. आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की ते मीठ पाणी ओढतं. त्या ओलसर थरातून वीज भलतीकडे वाहते, तांबं गंजतं.

म्हणून मंडळी, झाकण लावलेलंच ठेवा. पुढच्या पंख्याला जाळी बसवा, वायरी बांधून घ्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून, हीटसिंकमधली धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पावसाळ्याआधी तर नक्कीच. दुकानाचा वर्षाचा हिशेब त्या डब्यातच असतो. त्याची एक नक्कल बाहेरही ठेवा.