उच्च शिक्षणाला निघालेल्या मुलांच्या लसीकरणाची नोंद



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. आज आपल्या वस्त्यांमधील मुलेमुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून किंवा बँकेचे कर्ज काढून तीच वाट धरीत आहेत. पासपोर्ट, गुणपत्रिका, जातीचा दाखला आपण महिनोन् महिने गोळा करतो. एका कागदाकडे मात्र दुर्लक्ष होते. तो म्हणजे लसीकरणाची नोंद.

आमच्या वसाहतीतील एका मुलाला न्यूयॉर्क राज्यात एम.एस.ला प्रवेश मिळाला. निघायला पंधरा दिवस उरले असताना कळले की, त्याची गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसींची नोंद अपुरी आहे. त्याच्या आईने बावीस वर्षांपूर्वीचे कार्ड लोखंडी पेटीत जपून ठेवले होते. त्यावर दवाखान्याच्या सर्व नोंदी होत्या. तरीही तिकडच्या हिशेबात गोवराचा एकही डोस धरला गेला नाही. "माझंच काही चुकलं का हो?" असे ती माउली विचारीत होती.

तिचे काही चुकले नव्हते. आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१० पूर्वी गोवराचा एकच डोस होता, तोही बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आपल्याकडे गोवर लहान वयात गाठतो म्हणून ते योग्यच होते. अमेरिकेत मात्र पहिल्या वाढदिवसानंतरचा डोसच मोजतात. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार गोवराचे दोन, गालगुंडाचा एक आणि रुबेलाचा एक डोस लागतो. गालगुंडाची लस तर आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात नाहीच. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली. त्या वेळी पंधरा वर्षांखालील मुलांना मिळालेला डोस मोजता येतो, पण त्याचे प्रमाणपत्र हवे. आम्ही बँकेच्या काउंटरवर जे रोज सांगतो तेच येथेही खरे आहे : नोंद नसेल तर व्यवहार झाला हे दाखवणार कसे?

या तिन्ही रोगांवरची एकत्रित लस, एम.एम.आर., खासगी डॉक्टरांकडे मिळते. दोन डोसांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. त्या मुलाने पहिला डोस येथे घेतला, दुसऱ्याची तारीख विद्यापीठाला कळवली आणि कसेबसे निभावले. कार्ड हरवले असल्यास रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसली तर तो अहवालही चालतो.

सक्ती आणि शिफारस यांतला फरक समजून घ्यावा. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसासाठी लसीची अट नाही. अट राज्याची किंवा विद्यापीठाची असते व ती जागोजागी निराळी असते. टेक्सासमध्ये २२ वर्षांखालील नव्या विद्यार्थ्याला मेंदूज्वराची लस वर्ग सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये या लसीची सक्ती नाही, शिफारस आहे. वसतिगृहात अनेक मुले एकत्र राहतात, म्हणून ही काळजी. गोवराचा विषाणू तर रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो.

परदेशी न जाणाऱ्यांनीही लक्ष द्यावे. नर्सिंग, वैद्यकीय किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाला जाणाऱ्यांना सुई टोचण्यातून कावीळ 'ब' होण्याचा धोका असतो. ही लस २००२ पासून काही भागांत आणि २०११ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली. त्यामुळे आज कॉलेजात असलेल्या अनेकांना ती मिळालेली नसेल. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. म्हणजे प्रवेश मिळाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, बारावीतच सुरुवात करावी. दहाव्या व सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन सरकारी केंद्रात मोफत मिळते. मुलींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. पंधरा वर्षांनंतर सुरुवात केल्यास तिचे साधारणतः तीन डोस लागतात.

पालकांना एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर पेटी उघडा, कार्ड काढा आणि त्याच्या दोन झेरॉक्स करून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कार्ड शेजारच्या शिकलेल्या मुलाने वाचून द्यावे. रविवारी विहारात वंदनेनंतर हे काम सहज होईल. बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचे दार उघडून दिले. एका कागदापायी आपले लेकरू त्या दारात अडकू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!