शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी : बी.एड. प्रवेशाचे नियम आणि पूर्वतयारी

सरसगडाच्या पायथ्याशी वसलेले पाली हे बल्लाळेश्वराचे स्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. रायगड जिल्ह्यातील सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाणही हेच. बाजारहाटासाठी, दाखल्यांसाठी आणि शिक्षणासाठी आसपासच्या गावांतील व आदिवासी वाड्यांतील माणसे येथे येतात. त्यांत पदवी घेऊन शिक्षक होण्याची उमेद बाळगणारे तरुण-तरुणीही असतात. त्यांची वाट अनेकदा गुणांपेक्षा वेळेवर न मिळालेल्या माहितीमुळे किंवा एखाद्या दाखल्यामुळे अडते आणि वर्ष वाया जाते. ही हानी टाळण्यासारखी आहे. त्या दृष्टीने विद्यापीठीय शिक्षक-प्रशिक्षणाच्या, म्हणजे बी.एड.च्या, प्रवेशाची रीत येथे सांगितली आहे.

कोणत्या वर्गासाठी कोणते प्रशिक्षण?

अर्ज करण्यापूर्वी आपल्याला कोणत्या वर्गांना शिकवावयाचे आहे, हे उमेदवाराने निश्चित करावे. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका आवश्यक असते. पूर्वी ती डी.एड. या नावाने ओळखली जात असे. बी.एड. उमेदवारांनाही या वर्गांवर नेमता येईल, अशी अधिसूचना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये काढली होती. परंतु ती टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची अर्हता ठरत नाही, असे स्पष्ट केले. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि ते पदविकेच्या अभ्यासक्रमात शिकविले जाते, हे या निकालामागील मुख्य सूत्र आहे.

म्हणून ज्या मुलीला आपल्याच वाडीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवावयाचे आहे, तिने पदवी व बी.एड. यांवर पाच वर्षे घालविण्यापूर्वी हा भेद लक्षात घ्यावा. सहावी ते आठवी आणि माध्यमिक वर्गांसाठी मात्र पदवी व बी.एड. हा मार्ग योग्य आहे. आठवीपर्यंतच्या वर्गांवर नेमणुकीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.

शैक्षणिक पात्रता

परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड.चा अभ्यासक्रम एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. या विनियमांनुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या किंवा वाणिज्य यांतील पदवी अथवा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण आवश्यक आहेत. ‘अथवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पदवीला ४७ टक्के मिळालेला उमेदवार पुढे पदव्युत्तर परीक्षेत ५० टक्के मिळवून पात्र ठरू शकतो. विज्ञान व गणित यांत विशेष अध्ययन केलेल्या अभियांत्रिकी पदवीधरांसाठी ही मर्यादा ५५ टक्के आहे. राखीव प्रवर्गांना राज्याच्या नियमांनुसार सवलत मिळते. महाराष्ट्रातील मागासवर्गीय उमेदवारांसाठी ५० ऐवजी ४५ टक्के गुण पुरेसे धरले जातात. पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रवेश परीक्षा देता येते. प्रवेशाच्या वेळी मात्र उत्तीर्णतेचे गुणपत्रक हाती असावे लागते.

प्रवेश परीक्षा

केवळ पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे संगणकावर परीक्षा घेतली जाते आणि तिच्या गुणांवरून गुणवत्ता यादी तयार होते. या परीक्षेत बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता हे तीन भाग असतात. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करू इच्छिणाऱ्यांची इंग्रजीची वेगळी चाचणी असते.

परीक्षेनंतरचा टप्पा अनेकांच्या ध्यानात राहत नाही. परीक्षेसाठी केलेली नोंदणी म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, कागदपत्रांची तपासणी होते आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. परीक्षेत चांगले गुण मिळूनही ही दुसरी नोंदणी राहिली, तर ते गुण निरुपयोगी ठरतात.

दाखल्यांची तयारी

गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र ही कागदपत्रे सर्वसाधारणपणे लागतात. राखीव जागेसाठी जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. पहिले उपविभागीय अधिकारी देतात, तर दुसरे तपासणी समितीच्या चौकशीनंतर मिळते. ज्या प्रवर्गांना उन्नत व प्रगत गटाचा नियम लागू आहे, त्यांना त्या गटात मोडत नसल्याचे चालू कालावधीचे प्रमाणपत्रही लागते.

सुधागडातील कातकरी व ठाकूर समाजाच्या मुलांची खरी अडचण वैधतेच्या टप्प्यावर येते. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आधार पाहिला जातो. ज्या कुटुंबांच्या नावे जमीन नव्हती, जी कामासाठी दरसाल स्थलांतर करीत आणि ज्यांच्या घरात शाळेत जाणारी पहिलीच पिढी आज आहे, त्यांच्याकडे इतका जुना कागद कोठून असणार? अशा वेळी जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील आजोबांची किंवा चुलत आजोबांची एक नोंद, किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतील एक ओळ, साऱ्या कुटुंबाला उपयोगी पडते. रक्तसंबंधातील कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असल्यास तेही जोडावे. चौकशीला वेळ लागतो. म्हणून हा प्रस्ताव बारावीत असतानाच सादर करणे श्रेयस्कर होय.

प्रवेशानंतर

बी.एड. हा घरबसल्या पूर्ण होणारा अभ्यासक्रम नव्हे. विनियमांनुसार सिद्धांत व प्रात्यक्षिकांसाठी ८० टक्के, तर शालेय आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती अनिवार्य आहे. दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेशी निगडित कामाचे असतात. त्यामुळे दूरच्या महाविद्यालयाची पसंती भरताना रोजचा प्रवास, वसतिगृह व खर्च यांचा विचार आधीच करावा. शिष्यवृत्ती व शुल्कमाफीचे अर्जही प्रवेशाबरोबरच भरावेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी या पर्यायाचीही चौकशी करावी. तपशील दरवर्षी बदलू शकतात. म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याखेरीज अर्ज भरू नये.

आपण काय करू शकतो?

मुख्याध्यापकांनी जुनी रजिस्टरे जपावीत आणि त्यांतील उतारे मागणाऱ्यास विनाविलंब द्यावेत. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावातील बारावीच्या व पदवीच्या विद्यार्थ्यांची यादी करून त्यांचे कोणते दाखले अपुरे आहेत, हे पाहावे. महसूल कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या हंगामापूर्वी वाड्यांवर जाऊन अर्ज स्वीकारले, तर पालीपर्यंतच्या खेपा आणि बुडणारी मजुरी वाचेल. वाडीवरचा एक मुलगा किंवा एक मुलगी शिक्षक झाली, की मागच्या मुलांना वाट विचारण्यासाठी दूर जावे लागत नाही. तो पहिला शिक्षक घडविण्यात एका नोंदीचाही वाटा असू शकतो, याचे भान आपण सर्वांनी ठेवावयास हवे.