काळ्या चौकटींतील गेरू

आमच्या माजघरांतील फडताळांत वडिलार्जित पोथ्यांचें एक बासन आहे. पोथीचा मजकूर काळ्या शाईचा. परंतु जेथें बोलणारा बदलतो वा अध्याय संपतो, तेथें लेखकानें अक्षरांवर गेरूचा हात फिरविलेला असतो. चुकलेलें अक्षर पिवळ्या हरताळानें झांकीत; 'हरताळ फासणें' हा आपला वाक्प्रचार त्यांतूनच निघाला. ही कला पोथ्यांबरोबरच मावळली, अशी माझी समजूत होती. ती गेल्या उन्हाळ्यांत दूर झाली.

धाकट्या बंधूंचा मुलगा पुण्याहून बोदवडास आला होता. एकत्र शेतीच्या कापसाच्या पैशांची तीन घरांत वांटणी व्हावयाची होती, व तिच्यासाठीं त्यानें संगणकाची एक आज्ञावली रचिली होती. ती कांहीं केल्या चालेना. तेव्हां त्यानें 'टर्मिनल' नांवाची काळी चौकट उघडली आणि आज्ञावलीच्या ४० ते ६० एवढ्याच ओळी तींत मांडल्या. आज्ञाशब्द एका रंगांत, आंकडे दुसऱ्या, टिपा फिकट. पण ४७ व्या ओळीपासून खालीं सारेंच हिरवें! "काका, अवतरणचिन्ह मिटायचें राहिलें," तो उद्गारला. चिन्ह न मिटल्यामुळें पुढील सर्व मजकूर अवतरणांतच गणला गेला होता.

हे रंग येतात कोठून? मूळ मजकुरांत रंग नसतोच. दाखविणारें साधन वैयाकरणाप्रमाणें प्रत्येक पदाची जाति ओळखतें आणि त्याच्या आधीं एक अदृश्य खूण पाठवितें: २७ क्रमांकाचें 'एस्केप' चिन्ह, चौकोनी कंस, ३१ हा आंकडा व 'एम' हें अक्षर, म्हणजे तांबडा; ३१ च्या जागीं शून्य, म्हणजे पूर्ववत्. १९७८ सालच्या 'व्हीटी १००' या यंत्रानें अशा खुणांची पद्धति रूढ केली. 'पिग्मेंट्स' (२००६) व 'बॅट' (२०१८) हीं अलीकडचीं साधनें त्याच परंपरेंतील होत.

त्यांत एक मर्म आहे. वेंचा वीस ओळींचा असला, तरी साधनाला मजकूर आरंभापासून वाचावा लागतो. मधलाच तुकडा तोडून घेतला, तर अवतरण कोठें उघडलें हें न कळून रंग चुकतात. पूर्वसंदर्भावांचून श्लोकाचा अन्वय लावूं नये, हेंच आम्ही मुलांना शिकवीत आलों.

असो. चिन्ह मिटलें, रंग यथास्थित झाले, आज्ञावली चालली आणि सर्वांनीं समाधान मानलें. थोरल्या वहिनींनीं मात्र चष्मा लावून आपली वही काढली. "भावजी, माझी उचल दोनदां वजा झाली आहे," त्या शांतपणें म्हणाल्या. पाहिलें तों खरेंच! वजाबाकीची ओळ दोनदां लिहिली गेली होती. दोन्ही ओळी व्याकरणशुद्ध, दोन्हींचे रंग अगदीं चोख. वहिनींना वैधव्य येऊन बरींच वर्षें झालीं. त्या बोलल्या नसत्या, तर आम्हीं त्यांच्या तोंडचा घास नकळत काढला असता.

रंगानें पदाची जाति कळते. हिशेबांतला न्याय माणसालाच पाहावा लागतो. मुलानें ती ओळ खोडली, व मीं मनांतल्या मनांत तिच्यावर हरताळ लावला. त्या रात्रीं तिन्ही वांटण्या वहिनींनीं पुन्हां हातानें मांडल्या, आणि मगच पैसे वांटले गेले.