मक्यातील तण आणि तणनाशकाची वेळ



मृगाचा पाऊस लागून मका टोकला, की रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात एकच बोलणे ऐकू येते: भांगलायला माणसे मिळत नाहीत, औषधच मारू. मारायला हरकत नाही. पण पुष्कळजण तण गुडघ्याला लागल्यावर दुकानाची वाट धरतात आणि पैसा व पीक दोन्ही घालवतात.

शुभवर्तमानातील दाखल्यात धन्याने निदण कापणीपर्यंत राहू दिले. मक्याला तेवढी सवड नाही. पेरणीनंतर १५ ते ४५ दिवस हा त्याचा नाजूक काळ. तेव्हा तणाने नत्र आणि ओल खाल्ली, तर मागाहून घातलेल्या युरियाने ती तूट भरून येत नाही.

मक्यात सर्वांत जास्त चालणारे औषध म्हणजे अॅट्राझीन, ५० टक्के भुकटी. हे तण उगवण्यापूर्वी मारायचे असते. पेरणी झाल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत, ढेकळे फोडलेल्या ओल्या जमिनीवर, एकरी ५०० ग्रॅम भुकटी २०० लिटर पाण्यात. हलक्या जमिनीला ४०० ग्रॅम पुरते. पंप १५ लिटरचा असेल तर एकराला साधारण १३ पंप लागतात, म्हणजे पंपाला जेमतेम ३८ ग्रॅम. डबीच्या झाकणाने अंदाज करू नये, तोलून पुड्या बांधाव्या. फवारताना मागे मागे सरकावे, म्हणजे फवारलेली जमीन पायाखाली तुडवली जात नाही.

औषध मातीच्या वरच्या थरात राहते. उगवते तण ते मुळावाटे घेते आणि त्याच्या पानांत अन्न तयार होणे बंद पडते. मका मात्र हे औषध आपल्या अंगात मोडून टाकतो, म्हणून वाचतो. घेवडा, चवळी, भुईमूग यांना ते जमत नाही. मक्यात कडधान्याच्या ओळी असतील तर अॅट्राझीन मारूच नये; तेथे पेंडीमेथालिनची चौकशी करावी. मात्रा वाढवलीत तर मागून घेतलेल्या हरभऱ्या-वाटाण्यालाही अंश बाधू शकतो. लव्हाळा आणि हराळी याला दाद देत नाहीत. त्यांना उन्हाळी खोल नांगरट आणि खुरपेच हवे.

वेळ चुकलीच, तर तण तीन-चार पानांवर असताना, साधारण १५ ते २० दिवसांनी, टेंबोट्रायोन एकरी ११५ मिली, सोबत मिळणाऱ्या चिकट द्रवासह मारतात. तण पांढरे पडून मरते. त्याहून मोठ्या तणावर पैसे घालू नका, माणसे लावा.

आता घरच्यांसाठी. अॅट्राझीन झिरपून भूजलात उतरते. युरोपीय संघाने २००४ साली त्याला मान्यता नाकारली ती याच कारणाने. म्हणून पंप विहिरीच्या काठावर किंवा ओढ्यात धुऊ नये. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. हातमोजे घालावे, वाऱ्यात फवारू नये, काम संपल्यावर साबणाने अंघोळ करूनच मुलाला उचलावे. फवारलेल्या रानातले गवत जनावरांना घालू नये. टू-फोर-डी मारलेला पंप मिरची-टोमॅटोला वापरू नये. नुसत्या अंशानेही पाने वळतात.

औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका. मूळ डबा कुलपात ठेवा, आणि कुणाच्या पोटात गेलेच तर त्या डब्यासह ताबडतोब दवाखाना गाठा.